स्ट्रक्चर, श्टुटगार्ट की रुरकी: सांगलीच्या एका पोरीच्या एमटेकची केस

ही केस माझ्या आतेबहिणीची आहे. तिला विचारूनच लिहितोय, फक्त नाव नको म्हणाली. सिव्हिल इंजिनिअरिंग, २०२५ ला पासआउट, सीजीपीए ८.१, ओपन कॅटेगरी, गेटचा (एमटेक प्रवेशाच्या परीक्षेचा) स्कोअर साडेसहाशेच्या आसपास. मे महिन्यात तिच्यापुढे तीन वाटा होत्या: एनआयटीत स्ट्रक्चर म्हणजे इमारतींच्या बीम-कॉलमचं डिझाइन, नाहीतर पाण्याचं शिकायला जर्मनीत श्टुटगार्ट किंवा उत्तराखंडातली आयआयटी रुरकी, आणि घरात तीन पार्ट्या पडल्या होत्या. मी पुण्यात अकरा वर्षं स्ट्रक्चरल डिझाइन करतोय, त्यामुळं सगळ्यांनी मला मधे घातलं, आणि पहिले दोन महिने मी तिला चुकीचा सल्ला दिला हे आधीच सांगून टाकतो, कारण ही केस लिहायचं अर्धं कारण तेच आहे.

आत्याचं घर सांगलीत गावभागात, नदीपासून चालत दहा मिनिटं. मामांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, कापडाचं छोटं दुकान. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तिथं ४० फूट इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी आहे म्हणजे काय झालं असेल बघा. ती तेव्हा अकरावीत. दुकानातला माल गेला, घराचा खालचा मजला गेला. मग २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं, तेव्हा तिची बारावी नुकतीच झाली होती. सांगलीत पावसाळ्यात माणसं भेटली की तब्येत विचारायच्या आधी "पाणी किती फुटावर?" विचारतात, त्यात ही मोठी झाली. चहाच्या टपरीवर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून भांडणं व्हायची. पुराचा अभ्यास करायला सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० च्या अहवालात अलमट्टीच्या फुगवट्यामुळं पूर आला नाही असं म्हटलं पण ते गावात फारसं कुणाला पटलेलं नाही, आणि हिला दोन्ही बाजूंचा राग यायचा कारण "कुणीच आकडे मांडून दाखवत नाही दादा" असं तिचं म्हणणं.

फायनल इयरला तिनं प्रोजेक्ट घेतला कृष्णेच्या पुराचं मॉडेल. नदीचं पाणी कुठवर पसरेल ते काढणारं हेक-रास हे सॉफ्टवेअर अमेरिकन आर्मीच्या इंजिनिअर लोकांनी बनवलेलं आणि फुकट आहे, त्यामुळं कॉलेजकडं पैसे नसले तरी चालतं. जमिनीची उंची तिनं एसआरटीएमच्या, म्हणजे अंतराळयानातल्या रडारनं मोजलेल्या, दर ३० मीटरला एक उंची देणाऱ्या डेटावरनं घेतली. आता गंमत अशी की त्या डेटात उंचीला काही मीटरची चूक असू शकते आणि सांगलीत एका मीटरनं अख्खी गल्ली पाण्यात जाते किंवा कोरडी राहते. शिवाय त्या रडारला पाण्याखालचा नदीचा तळ दिसतच नाही, ते पाण्याचा पृष्ठभाग म्हणजेच जमीन समजतं. तिच्या मॉडेलमध्ये मारुती चौक कोरडा आला. जो चौक सगळ्यात आधी भरतो असं गावातलं पोरगंपण सांगेल तो कोरडा! बाहेरनं आलेल्या परीक्षकानं फार विचारलं नाही, मार्क चांगले पडले, पण ती आठवडाभर नीट जेवली नाही. मला फोन करून म्हणाली, मला हे चुकलंय ते कळतंय पण कुठं चुकलंय ते शोधायचं कसं हे कॉलेजात कुणाला येत नाही. हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकून घेतलं. पुढं सगळा निर्णय ह्याच वाक्यावर झाला.

तयारी सुरू झाली २०२४ च्या पावसाळ्यात. गेट तर द्यायचंच होतं, पण वर्गातली दोन पोरं जर्मनीचं बघत होती म्हणून हिनंपण बघितलं. परदेशी शिक्षणाचं बघणाऱ्या पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीत मी तिला घेऊन गेलो, नाव घेत नाही. सेवा फुकट आहे म्हणाले. पाऊण तासात पाच युनिव्हर्सिट्यांची यादी हातात, पाचही प्रायव्हेट, आणि त्यात पाण्याशी संबंधित एकही कोर्स नाही, होतं ते सगळं इंजिनिअरिंग मॅनेजमेंट. फुकट सेवा देणाऱ्यांना बहुतेक वेळा कमिशन प्रायव्हेट युनिव्हर्सिट्यांकडनं मिळतं, जर्मनीतल्या सरकारी युनिव्हर्सिट्या कमिशन देत नाहीत, मग ते लोक त्यांचं नाव कशाला घेतील? हे आधी कळलं असतं तर गेलोच नसतो. मग ती स्वतःच डाडच्या, म्हणजे जर्मनीतल्या शिक्षणाची माहिती देणाऱ्या तिथल्या संस्थेच्या, साइटवर बसली, कोर्सच्या यादीत वॉटर टाकलं, लँग्वेज इंग्लिश टाकलं, आणि श्टुटगार्ट युनिव्हर्सिटीचा वॉटर रिसोर्सेस इंजिनिअरिंग अँड मॅनेजमेंटचा मास्टर्स सापडला, चार सेमिस्टरचा.

कागदपत्रांचं जरा सविस्तर सांगतो कारण इथंच लोकांचे महिने जातात. भारतातल्या विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीसाठी एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचा दाखला लागतो, फी १८ हजार, आणि ते यायला वेळ लागतो म्हणून सगळ्यात आधी ते टाकायचं. त्याच्यासाठी लागणाऱ्या ट्रान्सक्रिप्टला (सगळ्या सेमिस्टरच्या मार्कांच्या एकत्र कागदाला) तिला युनिव्हर्सिटीत तीन चकरा माराव्या लागल्या, दर वेळी कागद एका टेबलावरनं दुसऱ्या टेबलावर. मग ग्रेडचं गणित. जर्मनीत १ म्हणजे सगळ्यात चांगला आणि ४ म्हणजे जेमतेम पास. आपले मार्क त्यात बसवायला एक ठरलेलं सूत्र आहे: जास्तीत जास्त ग्रेडमधनं तुमचा ग्रेड वजा करा, त्याला जास्तीत जास्त वजा पासिंगनं भागा, तीननं गुणा, एक मिळवा. तिचा दहापैकी ८.१ आणि पासिंग ४ धरलं तर येतो १.९५. पण पासिंग ५ धरलं तर त्याच पोरीचा तोच निकाल २.१४ होतो! म्हणजे तुमच्या मार्कशीटच्या मागं कमीत कमी पासिंग ग्रेड काय छापलाय ह्यावर तुमचा जर्मन ग्रेड हलतो, आणि जिथं २.० किंवा २.५ ची लाइन असेल तिथं हा फरक जिवावर बेततो. मार्कशीटची मागची बाजू स्कॅन करायला कधीच विसरू नका.

रेकमेंडेशन लेटरसाठी (शिफारसपत्रासाठी) सर म्हणाले तूच लिहून आण मी सही करतो. हे सगळीकडं चालतं आणि मला ते अजिबात आवडत नाही. तिनं काय केलं, सरांकडं जाऊन म्हणाली सर मी लिहीत नाही, पण माझ्या प्रोजेक्टमध्ये काय काय झालं त्याचे मुद्दे देते, तुम्ही तुमच्या शब्दात लिहा. सर दोन दिवस गप्प, मग खरंच बसून लिहिलं. त्यात त्यांनी मारुती चौकाचा किस्सा लिहिला, की ह्या मुलीनं स्वतःहून आपलं मॉडेल चुकीचं आहे हे सांगितलं. मला वाटतं अख्ख्या अर्जात सगळ्यात वजनदार ओळ तीच असणार.

एसओपीचा, म्हणजे हा कोर्स का हवा ते सांगणाऱ्या निबंधाचा, पहिला ड्राफ्ट मात्र मी वाचून बाजूला ठेवला. लहानपणापासून निसर्गाची ओढ, भारताची जलसमस्या, असलं सगळं. मी म्हटलं हे नागपूरच्या पोरीनं लिहिलं काय आणि त्रिशूरच्या पोरानं लिहिलं काय, एकच वाटेल. तू ३० मीटरचा डेटा, कोरडा चौक आणि तुला काय येत नाही ते लिही. घाबरली, अर्जात उणीव कशाला लिहायची म्हणून. पण लिहिलं. दीड पान, त्यात पुराचं रडगाणं दोन ओळींत आणि बाकी सगळं मॉडेलबद्दल.

फेब्रुवारी २०२५ ला गेट, १९ मार्चला निकाल. इथं बऱ्याच पोरांचा घोटाळा होतो तो असा की कोॲप हे आयआयटीत एमटेकच्या ॲडमिशनचं पोर्टल आहे असं वाटतं. नाही. कोॲपवर फक्त ऑफर दिसतात आणि तुम्ही हो-नाही सांगता. अर्ज प्रत्येक आयआयटीला वेगळा, त्यांच्या त्यांच्या साइटवर, त्यांच्या त्यांच्या तारखेला, आणि ह्यातल्या काही तारखा निकालानंतर दोन-तीन आठवड्यांतच संपतात. हिच्या वर्गातला एकजण हिच्यापेक्षा जास्त स्कोअर असून कोॲपवर रजिस्टर करून वाट बघत बसला, कुठं फॉर्मच भरला नव्हता. एनआयटीच्या एमटेकचं पोर्टल, सीसीएमटी, वेगळं, तिथं चॉइस फिलिंग म्हणजे पसंतीक्रम भरणं असतं.

मे महिन्यात चित्र असं. कोॲपच्या पहिल्या राउंडला आयआयटी रुरकीच्या हायड्रॉलॉजी (जलविज्ञान) डिपार्टमेंटची एमटेकची ऑफर. श्टुटगार्टचं ॲडमिशन लेटर आलेलं. आणि मागच्या वर्षीचे क्लोजिंग स्कोअर बघता एका एनआयटीत स्ट्रक्चर मिळणार हे जवळपास नक्की. मामा म्हणाले स्ट्रक्चर घे, दादासारखं पुण्यात ऑफिसात बसशील. आत्याला जर्मनी हवं होतं, शेजारच्यांची मुलगी गेलीय. आणि मी? मी स्ट्रक्चरच म्हणालो. माझ्या डोक्यात सरळ हिशोब, सिव्हिलमध्ये प्रायव्हेट नोकऱ्या कुठं तर डिझाइन ऑफिसात, ईटॅब्स आणि स्टॅड ही डिझाइनची सॉफ्टवेअरं येत असतील तर उपाशी मरत नाही, पाण्याचं शिकून कुठं जाणार? मी तिच्या तोंडावर म्हटलं, पूर येतो पाच-सात वर्षांतनं एकदा, पगार दर महिन्याला लागतो. तिनं उलट उत्तर दिलं नाही. नुसती म्हणाली, दादा तू दोन्हीकडचा सिलॅबस वाचलास का?

वाचला नव्हता. खरंच नव्हता. मी नावं आणि पॅकेज बघून बोलत होतो, आणि घरात सगळेच तसं बोलत होते. त्या रविवारी मी तिन्ही अभ्यासक्रम छापून घेतले आणि आम्ही दोघं पेन घेऊन बसलो. एकच प्रश्न: मारुती चौक कोरडा का आला, हे शोधायला जे जे लागेल ते कुठं शिकवतात? स्ट्रक्चरच्या कोर्समध्ये अर्थातच शून्य. रुरकीत पावसाचं आणि पुराचं संख्याशास्त्र, नदीचं मॉडेलिंग, रिमोट सेन्सिंग, भूजल असं सगळं. श्टुटगार्टमध्येही मॉडेलिंग तगडं, पण त्याच्याबरोबर पाणी व्यवस्थापन, सांडपाणी, असा पसारा मोठा. वाईट नाही, पण तिच्या प्रश्नाला रुरकी जास्त जवळ.

आणि रुरकी म्हणजे नुसतं आयआयटीचं लेबल नाही हे मला तेव्हा कळलं. ते कॉलेज १८४७ ला निघालं तेच मुळात गंगा कालव्याच्या कामासाठी माणसं तयार करायला. हायड्रॉलॉजीचं डिपार्टमेंट युनेस्कोच्या पुढाकारानं १९७२ पासून. त्याच गावात राष्ट्रीय जलविज्ञान संस्था, म्हणजे देशातल्या नद्यांवर काम करणारी सरकारी संस्था शेजारीच. दहा-अकरा वर्षं पुण्यात राहून मला खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था, सीडब्ल्यूपीआरएस, १९१६ पासून चालू असलेली, तीसुद्धा फक्त नावानं माहीत होती. आपल्या क्षेत्राच्या बाहेर आपण किती कमी बघतो ह्याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

मग तिनं सहा प्राध्यापकांना मेल टाकले, दोघांचं उत्तर आलं, त्यातल्या एकांनी दोन ओळींत लिहिलं की तुझी अडचण नदीच्या तळाच्या डेटाची आहे, ह्यावर थीसिस होऊ शकतो. सीनियर्सशी बोलणं मात्र जास्त उपयोगी पडलं. लिंक्डइनवर गाठून तिनं प्रत्येकाला तेच चार प्रश्न विचारले: प्लेसमेंटला बसले किती आणि लागले किती, लागले ते पाण्याच्या कामात की सॉफ्टवेअरमध्ये, गाइड मिळतो कसा, आणि परत हाच कोर्स घेशील का. शंभर टक्के प्लेसमेंट ह्या आकड्याला काही अर्थ नसतो, कारण जे बसलेच नाहीत ते मोजतच नाहीत. रुरकीच्या सीनियर्सनी सरळ सांगितलं की कॅम्पसला कोअर, म्हणजे आपल्याच विषयातल्या, कंपन्या कमी येतात, काही जण डेटाच्या नोकरीत गेले, काही पीएचडीला, काही कन्सल्टन्सीत पूर आणि धरणफुटीचे अभ्यास करतात, एकजण इन्शुरन्सवाल्यांसाठी पुराच्या जोखमीचं मॉडेल करते. म्हणजे नोकरी स्वतः शोधावी लागणार. हे तिनं वहीत लाल पेनानं लिहून ठेवलं, लपवलं नाही, मामांनापण दाखवलं.

आता पैसे. जर्मनीत सरकारी युनिव्हर्सिटी फुकट असं आपल्याकडं सरसकट म्हणतात पण श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथं युरोपियन युनियनबाहेरच्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. चार सेमिस्टरचे ६,०००. राहण्या-खाण्याचे पैसे आहेत हे दाखवायला आधीच पैसे भरून ठेवायच्या ब्लॉक्ड अकाउंटला वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, महिन्याला ९९२. दोन वर्षांचे धरले तर सगळे मिळून २९,८०८ युरो. युरो ९५ रुपये धरला तरी २८ लाखांच्या वर, विमान आणि व्हिसा वेगळा. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, त्यातनं काही भागतं, पण पाण्याच्या क्षेत्रातलं काम तिथल्या नगरपालिका आणि छोट्या इंजिनिअरिंग ऑफिसांत जर्मनमधनं चालतं आणि हिचं जर्मन ए-वन म्हणजे पहिल्याच पातळीपर्यंत. म्हणजे पहिलं वर्ष हॉटेल किंवा गोडाऊन.

इकडं एमटेकला महिना १२,४०० स्टायपेंड, आठवड्याला आठ तास टीएचं, म्हणजे प्राध्यापकांना शिकवण्यात मदतीचं, काम. दोन वर्षांचे २,९७,६०० होतात. फी-मेस वजा जाता फार उरत नाही, पण घरातनं मोठी रक्कम काढावी लागत नाही.

तरी आत्या म्हणाली कर्ज काढू. सरकारी बँकेत साडेसात लाखांच्या वर साधारणपणे तारण मागतात, आणि तारणाला होतं ते राहतं घर. २८ लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं, हप्ता बसतो महिना जवळपास ३८ हजार, शिकत असतानाचं व्याज वेगळंच. बँकेचा व्हॅल्युअर आला, घर बघितलं, भिंतीवरच्या खुणा बघितल्या, आणि मामांना विचारलं पूररेषेचा नकाशा आहे का. जलसंपदा विभागाच्या नकाशात दोन रेषा असतात, निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांतनं एकदा येणाऱ्याची. निळीच्या आत नवीन बांधकामाला बंदी. घर निळीच्या आत. किंमत मामांच्या अंदाजाच्या निम्म्यावर आली. मामा त्या दिवशी दुकान उघडायला गेले नाहीत, ओसरीवर बसून राहिले. तीस वर्षांचं घर, आणि कागदावर त्याची किंमत एवढीच. ती आत गेली आणि दार लावून रडली, जर्मनी गेलं म्हणून नाही, बाबांचा चेहरा बघून.

प्रायव्हेट फायनान्स कंपनी तारणाशिवाय द्यायला तयार होती, व्याज जास्त. मी को-ॲप्लिकंट व्हायला तयार होतो, हे मनापासून सांगतो. तिनं नाही म्हटलं. मला वाटतं बरोबर केलं. पैशापायी जर्मनी सोडलं असं नातेवाईक म्हणतात ते पूर्ण खरं नाही, रविवारच्या त्या छापील अभ्यासक्रमांवर तिचं पेन आधीच रुरकीवर थांबलं होतं. पैशानं फक्त भांडण लवकर मिटवलं.

कोॲपवर तीन पर्याय असतात. ॲक्सेप्ट अँड फ्रीझ म्हणजे घेतलं आणि पुढच्या राउंडमधनं बाहेर. रिटेन अँड वेट म्हणजे हे हातात ठेवून पुढच्याची वाट. रिजेक्ट अँड वेट म्हणजे हे सोडलं, आणि सोडलेली ती ऑफर परत येत नाही. पहिल्या राउंडला तिनं रिटेन केलं, आयआयटी बॉम्बेच्या वॉटर रिसोर्सेसची आशा होती, घराजवळपण पडलं असतं. दुसऱ्या राउंडला काही हललं नाही. तिसऱ्याच्या आदल्या रात्री घरात शेवटची बैठक, मी व्हिडिओ कॉलवर. मामा अजून स्ट्रक्चरवरच. तेव्हा मी बोललो, की मामा मी स्ट्रक्चरचा माणूस आहे आणि मी सांगतो हिला हे देऊ नका. मला बीम-कॉलम आवडतात म्हणून मी अकरा वर्षं टिकलो. हिला ते आवडत नाहीत, ही दोन वर्षं नाइलाजानं काढेल आणि नंतर माझ्याच ऑफिसात कंटाळलेली बसेल. आणि सरकारी नोकरीचं म्हणाल तर जलसंपदा विभागाला सिव्हिलवालेच लागतात, ते दार कुठंच बंद होत नाही. मामा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, तिथं थंडी फार असती, रजई चांगली घे.

सकाळी तिनं फ्रीझ केलं. श्टुटगार्टला नकाराचा मेल नीट लिहिला, कारण न कळवता जागा अडवून ठेवणं तिला पटत नाही. सीसीएमटीचं चॉइस फिलिंग केलंच नाही.

जुलैत मिरजेवरनं गोवा एक्सप्रेस, निझामुद्दीनला उतरून पुढं रुरकी. मामा सोडायला गेले होते, येताना कॅम्पसमधल्या जुन्या इमारतीचा फोटो काढून आणला, दुकानात लावलाय.

दसऱ्याच्या आसपास तिचा आत्याला फोन आला. जेवलीस का वगैरे झाल्यावर म्हणाली, आई टेप घे, खालच्या खोलीत २०१९ ची जी खूण आहे ती फरशीपासून किती उंच ते मोज, मग उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत मोज, आणि शेजारच्या तीन घरांतपण विचार. आत्यानं मोजलं. फरशीपासून सात फूट चार इंच. कागदावर लिहून, टेप भिंतीला लावलेला फोटो काढून पाठवला. आता मामा संध्याकाळी दुकान बंद केल्यावर टेप खिशात घालून गल्लीत फिरतात, आत्तापर्यंत एकवीस घरं झालीत.